घोडी आळसावलीय की थकलीय? लांब पल्ल्याच्या घोड्यांतला अतिसराव

रानवाट (धागाकर्ती)

महिनाभर एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय, म्हणून हा धागा काढतेय.

आमची साळू नऊ वर्षांची, अरबी रक्ताची. एन्ड्युरन्सचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींचा, हा तिचा तिसरा मोसम. ४० किमीपासून सुरुवात केली, गेल्या वर्षी पहिल्यांदा ८० किमी. यंदा ८० च्या दोन राइड पाच आठवड्यांच्या अंतराने पूर्ण केल्या आणि पुढे १२० करायचं ठरवून सराव वाढवला. आठवड्यातले पाच दिवस काम, त्यात दोन दिवस चढाचे.

पहिले तीन आठवडे झकास गेले, चौथ्यापासून बिनसलं. काय बिनसलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही, हीच पंचाईत. लंगडत नाही, ताप नाही, पायावर सूज नाही. पण खोगीर घेऊन गेलं की पूर्वी मान वळवून माझा खिसा हुंगायची, ती आता भिंतीकडे तोंड करून उभी राहते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे. वैरण खाते, चंदी (दाण्याचा खुराक) मात्र अर्धी गव्हाणीतच. दुडकीत पूर्वी मला लगाम धरून आवरावं लागायचं, आता टाच द्यावी लागते.

आमचे प्रशिक्षक म्हणतात मस्ती आलीय, काम वाढव. मला ते पटत नाहीये, पण न पटायला माझ्याकडे पुरावाही नाही. कुणाला असा अनुभव?

सावकाश

पुरावा असेल, तुम्ही मोजला नसेल. काही प्रश्न:

सकाळी चंदीच्या आधी, पागेत कुणाची गडबड नसताना तिचे ठोके किती? पूर्वी किती असायचे? नेहमीच्या सपाट रस्त्यावर नेहमीच्या वेगाला ठोक्यांचा मॉनिटर काय दाखवतो? काम थांबवल्यावर ठोके मिनिटाला ६४ वर यायला किती मिनिटं लागतात? वजनाची पट्टी (छातीभोवती गुंडाळून वजनाचा अंदाज देणारी) शेवटची कधी लावली? आणि दुसऱ्या ८० नंतर तिला पूर्ण सुट्टी किती दिवस दिलीत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

चौखूर

ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. घोडी आहे, माजावर आली की असंच करते. पाठीवर कोण बसलंय ते जनावर बरोबर ओळखतं. दोन दिवस तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला बसवून बघा, सुतासारखी सरळ होईल. आमच्याकडे असल्या 'थकलेल्या' घोड्यांनी पुढच्याच महिन्यात मैदान मारलेलं आहे.

रानवाट

@सावकाश, तुमचा रोख कळला. दुसऱ्या ८० नंतर पाच दिवस सुट्टी दिली, सहाव्या दिवशी हलका फेरफटका, दहाव्या दिवशी चढ. लिहितानाच कसंतरी होतंय.

वही काढली. नशिबाने मी लिहून ठेवते, फक्त परत वाचत नाही.

सकाळचे ठोके मोसमाच्या सुरुवातीला ३२, कधी ३३. या आठवड्यात ३८, ३९, ४०, ३८. तळ्याकडच्या सपाट रस्त्याला ताशी १५ किमीच्या दुडकीत पूर्वी १२० च्या आसपास, आता १३५. थांबल्यावर ६४ ला यायला पूर्वी ६-७ मिनिटं, आता १४. पट्टीवर ४०५ किलो होती, आज ३८६ भरली.

@चौखूर, माज दर तीन आठवड्यांनी येतो आणि पाच-सात दिवसांत जातो. हे पाचव्या आठवड्यात आहे. आणि माझा भाऊ बसला होता, त्यालाही टाचच मारावी लागली.

सावकाश

३८ हा आकडा कुठल्याही पुस्तकात 'नॉर्मल' सापडेल. घोड्याचे विश्रांतीतले ठोके साधारण २८ ते ४४ धरतात. फसगत होते ती इथेच. पुस्तकातल्या घोड्याशी तुलना केली तर साळू ठणठणीत, तीन महिन्यांपूर्वीच्या साळूशी केली तर सकाळीच सहा ठोके जास्त. वाढ एखाद्या दिवसाची असती तर मी दुर्लक्ष केलं असतं, बाहेर कुत्रं भुंकलं तरी चार ठोके वाढतात. सलग चार सकाळी तेच दिसतंय म्हणून बोलतोय.

उद्याचं काम रद्द करा. परवाचंही. आणि डॉक्टरांना बोलवा.

खोगीरभरती

वाचतोय. मी या खेळात अगदी नवा, अजून २० किमीच्या पुढे गेलेलो नाही. एक बाळबोध प्रश्न. थकवा तर सरावाने यायलाच हवा ना? मग थकवा कुठे संपतो आणि अतिसराव कुठे सुरू होतो?

नाडीपरीक्षा

मी पशुवैद्य आहे, घोड्यांचंच काम करते. प्रश्न बाळबोध मुळीच नाही.

सरावाने शरीर थोडं मोडतं आणि विश्रांतीत जरा जास्त मजबूत होऊन परत बांधलं जातं. मोडणं बांधण्यापेक्षा थोडं पुढे गेलं तर कामगिरी घसरते, पण आठ-पंधरा दिवसांच्या आरामात भरून येते. तो साधा ताण, त्याला फार घाबरायचं नाही. दोन आठवडे खरा आराम देऊनही घोडा मूळपदावर येत नसेल आणि दुसरं कुठलंच कारण सापडत नसेल, तर आम्ही अतिसराव म्हणतो. तिथून परतायला आठवडे नाही, महिने लागतात.

'दुसरं कारण सापडत नसेल' हा भाग महत्त्वाचा. अतिसराव हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं. साळूची जी लक्षणं लिहिलीत तशीच्या तशी लक्षणं आणखी पाच-सहा गोष्टींत दिसतात. दोन्ही पुढच्या पायांत सारखंच दुखत असेल तर घोडा लंगडत नाही, नुसता आखडतो आणि वेग टाळतो. पोटात अल्सर असेल तर चंदी सोडतो, वैरण खातो, तंग आवळताना कान पाडतो. श्वासनलिकेला सूज असेल तर कामातले ठोके वाढतात. गोचिडांमुळे होणारा रक्तातला आजार, जंत, दाताची धार, वजन घटल्यामुळे न बसणारं खोगीर, हृदयाची अनियमित लय, हे सगळं आधी तपासायचं. चंदीबद्दल लिहिलेलं वाचून माझा पहिला संशय पोटावर आहे.

टापटीप

हा धागा सहा वर्षांपूर्वी निघायला हवा होता.

माझा खच्ची घोडा होता, नाव सांगत नाही, सांगितलं की लोक ओळखतात. भारी प्रामाणिक जनावर. दर राइडला पहिल्या पाचात. एका मोसमात चार राइड केल्या आणि मधल्या आठवड्यांत सराव एका दिवसानेही कमी केला नाही, कारण तो मागायचा! दारात उभा राहून टापा आपटायचा. मला वाटायचं याला कामाची भूक आहे.

पहिलं लक्षण माझ्या मोतद्दाराने सांगितलं. म्हणाला, मालक, हा हल्ली झोपत नाही. पूर्वी सकाळी अंगाला, शेपटीला भुसा चिकटलेला असायचा, खरारा करताना झटकावा लागायचा. पंधरा दिवस झाले, अंग स्वच्छ. रात्रभर उभाच असतो. मी हसलो. बरं झालं म्हणालो, खराऱ्याचं काम वाचलं तुझं.

घोडा उभ्याने डुलक्या काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. हे मला नंतर कळलं. पुढच्या राइडला दुसऱ्या व्हेट गेटवर (वाटेतल्या पशुवैद्यकीय तपासणीच्या थांब्यावर) ठोके ६४ च्या खाली आलेच नाहीत, बाद झालो. त्यानंतर तो आठ महिने माळावर होता. परत आला, पण ८० च्या वर मी त्याला कधी नेलं नाही.

तेव्हा चौखूरभाऊ, 'पुढच्याच महिन्यात मैदान मारलं' हे खरं असेल. त्याच्या पुढच्या महिन्यात त्या घोड्याचं काय झालं तेही लिहा.

चौखूर

टोमणा पोचला. पण एक सांगा. माझ्या एका घोड्याचे कामातले ठोके उलट कमी झाले होते आणि तरी तो पळेना. मग हा ठोक्यांचा हिशोब कुठे गेला?

नाडीपरीक्षा

रास्त मुद्दा. दोन्ही दिशांनी होतं. काही घोड्यांत ठोके चढे राहतात, काहींत शरीर जणू उत्तर देणंच सोडतं आणि जोर लावूनही ठोके वर जात नाहीत. अतिसरावाच्या काही अभ्यासांत व्यायामानंतर वाढायला हवं ते कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) नेहमीपेक्षा कमी वाढलेलं दिसलंय. म्हणून ठोके वाढले की अतिसराव आणि कमी झाले की फिटनेस, असं गणित मांडू नका. ठोके कमी आणि वेगही कमी, ही चांगली बातमी नव्हे.

खोगीरभरती

मग रक्त तपासलं की कळत नाही का? एक रिपोर्ट, विषय संपला.

नाडीपरीक्षा

तसं असतं तर माझे अर्धे फोन बंद झाले असते.

याचा जुना इतिहास आहे. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये सुने पेर्सन यांनी ट्रॉटर (दुडकीच्या शर्यतीच्या) घोड्यांच्या रक्ताच्या एकूण प्रमाणावर काम केलं. दमलेल्या, कामगिरी घसरलेल्या काही घोड्यांत तांबड्या पेशींचं एकूण प्रमाण फारच वाढलेलं आढळलं आणि बराच काळ तीच अतिसरावाची खूण मानली गेली. पुढे ऑस्ट्रेलियात घोड्यांना ट्रेडमिलवर मुद्दाम अतिसराव देऊन पाहिलं. कामगिरी घसरली, वजन घटलं, पण रक्तातली ती खूण काही दिसली नाही. आजही एका चाचणीवर शिक्का मारता येत नाही.

तरी रक्त तपासावंच, इतर आजार वगळायला. स्नायूंची एन्झाइम बघताना एक लक्षात ठेवा. सीके कामानंतर ४ ते ६ तासांत सर्वांत वर जातं आणि लवकर उतरतं. एएसटी सावकाश चढतं, दिवसेंदिवस रेंगाळतं. राइडच्या दुसऱ्या दिवशी रक्त काढून 'एएसटी वाढलंय हो!' म्हणत घाबरण्यात अर्थ नाही. दहा दिवस हलकं काम असूनही ते चढंच असेल तर विचारा. जीजीटी हे यकृताचं एन्झाइम सतत चढं असेल तेव्हाही सरावाची वही उघडायची.

आणि निरोगी असताना, मोसम सुरू व्हायच्या आधी एकदा रक्त काढून ठेवा. त्या कागदासारखा उपयोगी कागद नाही. कुणी काढत नाही.

सावकाश

रक्तापेक्षा सोपी आणि फुकट गोष्ट सांगतो. कार्डिअॅक रिकव्हरी इंडेक्स. डॉ. केरी रिजवे यांच्या नावावरून काही जण रिजवे ट्रॉट म्हणतात.

काम संपल्यावर ठोके ६४ च्या खाली आले की मोजून लिहा. मग घोड्याला हातात धरून ३८ मीटर दुडकीत न्या, ३८ मीटर परत आणा. दुडकी सुरू करतानाच घड्याळ लावायचं. बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजा. चांगला सावरलेला घोडा पहिल्या आकड्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. चारपेक्षा जास्त ठोके वर राहिला तर कुठेतरी दुखतंय, पाणी कमी पडलंय किंवा दम उरलेला नाही. नेमकं काय ते ही चाचणी सांगत नाही, पण चुकीच्या वेळी गप्प बसत नाही.

मी ही घरीच करतो, दर आठवड्याच्या लांब फेरीनंतर, त्याच जागी.

आणि ६४ ला देव मानू नका. व्हेट गेटची ती हद्द आहे, त्या क्षणी पुढे जाऊ देण्यापुरती. गार पाणी ओतून ओतून ६४ गाठता येतं. मला रस असतो तो त्यानंतरच्या मिनिटात.

रानवाट

आजच केलं, नुसत्या चालीच्या फेरीनंतर. ६०, मग ६८.

डॉक्टर परवा येतायत. प्रशिक्षकांना सांगितलं. चिडलेत. नोंदणी भरलेली आहे वगैरे.

टापटीप

नोंदणी तुम्ही भरलीय, घोडीने नाही.

खोगीरभरती

मला एक कळत नाही. एवढा त्रास होतो तर घोडा थांबत का नाही? माणूस तर बसकण मारेल.

सावकाश

घोडा म्हणजे इतरांची शिकार होणारा प्राणी. कळपात जो दुबळा दिसतो तो आधी जातो, म्हणून लपवणं रक्तात आहे. त्यात पुढे दुसरा घोडा पळताना दिसला की आपलाही पळतो, पायात काय चाललंय ते विसरून.

दुसरं कारण आपल्याला जास्त नडतं. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन महिन्यांत तयार होतात. कंडरा, अस्थिबंध, हाडं यांना वर्ष-दोन वर्षं लागतात. म्हणजे तिसऱ्या महिन्यात इंजीन तयार आणि सांगाडा अजून कच्चा. मॉनिटर बघून स्वार खूश, आणि पायांना बोलायची सोय नाही.

तिसरं, इंधन. जोरकस कामात स्नायूंतलं ग्लायकोजेन संपलं की माणसात चांगलं खाऊन ते साधारण दिवसभरात भरतं. घोड्यात ४८ ते ७२ तास. सोमवारी चढ आणि बुधवारी पुन्हा चढ केला तर बुधवारी टाकी भरलेली नसतेच. शुक्रवारी आणखी कमी. महिनाभर असं चाललं की 'आळशी' घोडी तयार.

नाडीपरीक्षा

यात घामाची भर घाला. उष्म्यात घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम टाकू शकतो. माणसाचा घाम रक्तापेक्षा अळणी असतो, घोड्याचा तसा नसतो. पाण्याबरोबर मीठही भरपूर जातं, त्यामुळे रक्त खारट होत नाही आणि मेंदूला तहानेचा निरोप पोचत नाही. शरीर सुकलेलं असूनही घोडा बादलीकडे बघत नाही. क्षार भरून न काढता रोज घाम गाळला तर जी मरगळ येते ती हुबेहूब अतिसरावासारखी दिसते. साळूला मीठ काय देता तेही लिहा.

रानवाट (नऊ दिवसांनी)

उशीर झाला, माफी.

पाय स्वच्छ निघाले. फ्लेक्शन टेस्ट (पाय दुमडून धरून मग पळवायची चाचणी) केली, वर्तुळात दोन्ही बाजूंनी पळवलं, काही नाही. हृदयाची लय ठीक. रक्तात गोचिडाचा आजार नाही. जंतांचा मोठा प्रश्न नाही. एएसटी थोडं चढं, आठ दिवस काम बंद असूनही.

दुर्बिणीने पोट पाहिलं आणि जठराच्या वरच्या भागात अल्सर दिसले. मी पडद्यावर पाहिले. गुलाबीसर पांढऱ्या अस्तरावर पिवळट, खरवडल्यासारखे चार-पाच डाग, एकाच्या कडेला लाल. दुर्बीण आत असताना ती डोळे अर्धे मिटून शांत उभी होती, गुंगीचं औषध दिलं होतं, आणि मला सारखं आठवत होतं की या डागांवर मी रोज सकाळी तंग आवळत होते.

चार आठवडे ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) दिलंय. मीठ मी फक्त राइडच्या दिवशी द्यायचे, आता रोज चंदीत.

चौखूर

म्हणजे अल्सर निघाला. अतिसराव नव्हताच. एवढा मोठा धागा फुकट :)

नाडीपरीक्षा

दोन्ही असू शकतं, आणि बहुतेक दोन्ही आहे. जठराचा खालचा भाग आम्लाला तोंड द्यायला बनलेला असतो, वरचा नसतो. घोडा चालीच्या वरच्या वेगात गेला की पोटातला दाब वाढतो आणि आम्ल वर उसळतं. रिकाम्या पोटी आणखी जास्त. जितके जास्त दिवस जोराचं काम, तितका वेळ आम्लात आंघोळ. मग दुखतं, चंदी सुटते, वजन घटतं, स्नायू भरून येत नाहीत. एक दुसऱ्याला खेचतं. औषधाने अल्सर बरा होईल, पण सहा आठवड्यांची थकबाकी गोळीने फिटत नाही. कामाआधी थोडी वैरण खायला घालायची सवय लावा, पोटात तरंगणारा चारा आम्ल थोपवतो.

एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) नियमात १६० किमीच्या राइडनंतर महिन्याहून जास्त सक्तीची विश्रांती आहे, ती उगाच नाही.

खोगीरभरती

विश्रांती म्हणजे पागेत बांधून ठेवायचं?

टापटीप

बिलकूल नाही! बांधून ठेवलेल्या घोड्याचं पोट आणखी बिघडतं. मोकळं कुरण, सोबतीला एक शांत घोडा, दिवसभर तोंडाला वैरण. मी पहिला महिना खोगीर कुलपात ठेवलं होतं, माझाच भरवसा नव्हता म्हणून. दुसऱ्या महिन्यात हातात धरून चाल.

शरीर भरतंय की नाही ते बरगड्यांवरून बघा. हेनेकेंची १ ते ९ ची मोजपट्टी १९८३ पासून जगभर वापरतात. बरगड्या डोळ्यांना दिसायला नकोत, पण बोटांना सहज लागायला हव्यात. तो झाला ५. एन्ड्युरन्सच्या घोड्याला बारीक ठेवायचा जो सोस आहे ना, त्याच्यावर वेगळा धागा काढेन कधीतरी.

रानवाट (आणखी सात आठवड्यांनी)

नोंदी टाकते. सकाळचे ठोके ३४, गेले दहा दिवस. वजन ३९९. पुन्हा दुर्बीण टाकली, अल्सर भरलेत. मागच्या आठवड्यापासून वीस मिनिटं चाल आणि थोडी दुडकी. इंडेक्स ५२, मग ५२. चंदी संपवते, गव्हाण चाटते.

तंग आवळताना कान अजूनही मागे जातात. डॉक्टर म्हणाल्या, दुखणं गेलं तरी दुखण्याची आठवण राहते, तंग एका दमात आवळू नका. दोन-दोन भोकं करत, मध्ये चालवून आवळते. वेळ लागतो.

१२० यंदा नाही. प्रशिक्षक बदलले.

सावकाश

५२-५२ वाचून बरं वाटलं. आता वाढवाल तेव्हा अंतर किंवा वेग, दोन्हीपैकी एकच वाढवा. आणि तीन आठवड्यांच्या कामानंतर एक आठवडा हलका, तो आधीच वहीत लिहून टाका. नंतर ठरवू म्हटलं की तो येत नाही.

चौखूर

मी पण स्टेथोस्कोप घेतला. डाव्या कोपराच्या मागे लावून सकाळी मोजले. ४८ आले. काय समजायचं?

सावकाश

चंदीच्या आधी मोजलेत की नंतर?

चौखूर

आधीच. म्हणजे बादली हातात होती.

सावकाश

उद्या बादली बाहेर ठेवून जा.